गावाने बांधलेल्या पाच हजार शाळा

वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. शेंगदाण्याचे, रताळ्याचे आणि मातीचे प्रयोग करणारे डॉ. कार्व्हर ज्या संस्थेत शिकवत होते, ती टस्कीगी संस्था त्या पुस्तकामुळे मराठी घरांत पोहोचली. अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यातली ही संस्था. याच संस्थेतून आणखी एक मोठे काम सुरू झाले. आपल्याकडे त्याची फारशी चर्चा झालेली नाही. ते काम म्हणजे खेड्यापाड्यांतल्या शाळांच्या इमारती. १९१२ ते १९३२ या वीस वर्षांत दक्षिणेकडील १५ राज्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी ४,९७७ शाळा उभ्या राहिल्या. त्यांना ‘रोझेनवाल्ड शाळा’ म्हणतात.

आपल्या मासिकात ही हकीकत सांगण्याचे कारण आहे. तालमीसाठी चंदा जमवणे आपल्या समाजाला नवीन नाही. गावोगावी आपल्या बापजाद्यांनी शाळेसाठी जमीन दिली, दगड वाहिले, लाकूड दिले. त्यातल्या कितीतरी इमारती आज मोडकळीला आल्या आहेत, कितीतरी पाडल्या गेल्या आहेत. एका दडपलेल्या, गरीब समाजाने आपल्या शाळा कशा बांधल्या, त्या बांधताना काय विचार केला आणि शेवटी त्या इमारतींचे काय झाले, हे समजून घेतले तर आपल्या गावच्या शाळेकडे पाहण्याची नजर बदलेल.

वेगळे, पण समान नव्हे

अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. त्याआधी दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे हाच गुन्हा होता. गुलामगिरी गेली, पण १८९६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ या नावाखाली गोऱ्यांसाठी आणि काळ्यांसाठी स्वतंत्र व्यवस्था ठेवायला मान्यता दिली. प्रत्यक्षात ‘वेगळे’ तेवढे खरे झाले. कर सगळ्यांकडून घेतला जाई, शाळेचा पैसा मात्र गोऱ्या मुलांच्या वाट्याला जास्त जाई. खेड्यातली कृष्णवर्णीय मुले चर्चमध्ये, पडवीत, पडक्या झोपडीत शिकत. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत तर शाळा बंदच. वर्षातून काही महिने शिकायचे आणि पुन्हा शेतावर जायचे, असा तो क्रम होता.

टस्कीगी संस्था उभारणारे बुकर टी. वॉशिंग्टन स्वतः गुलाम म्हणून जन्मले होते. १८८१ पासून त्यांनी ही संस्था वाढवली. तिचा विस्तारविभाग सांभाळणारे क्लिंटन कॅलोवे आसपासच्या खेड्यांत फिरत आणि लोकांना शाळेसाठी एकत्र आणत. खेड्यात शाळा बांधण्याच्या कल्पनेमागचे खरे पाय त्यांचे.

पैसा आला शिकागोहून. ज्युलियस रोझेनवाल्ड हे ‘सिअर्स, रोबक’ या टपालाने माल विकणाऱ्या बड्या कंपनीचे प्रमुख होते. जर्मनीहून आलेल्या यहुदी कुटुंबातला हा माणूस. वॉशिंग्टन यांच्याशी १९११ साली त्यांची भेट झाली. पुढच्या वर्षी, आपल्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त, त्यांनी टस्कीगीला २५,००० डॉलर दिले. त्यातले २,१०० डॉलर शिल्लक राहिले. ‘या पैशातून खेड्यांत सहा छोट्या शाळा बांधून पाहू का?’ असे वॉशिंग्टन यांनी विचारले. रोझेनवाल्ड ‘हो’ म्हणाले. देणारा यहुदी, मागणारा ख्रिस्ती. नेकीच्या कामाला धर्माची पाटी आडवी आली नाही, हेही इथे नोंदवून ठेवावे.

पहिल्या शाळेचा हिशेब

पहिली शाळा १९१३ साली अलाबामातील लोचापोका या गावी पूर्ण झाली. तिचा खर्च नोंदवलेला आहे आणि तो बघण्यासारखा आहे. एकूण खर्च ९४२ डॉलर ५० सेंट. गावातल्या कृष्णवर्णीय लोकांनी जमिनीसाठी १५० डॉलर जमवले आणि १३२ डॉलर ५० सेंट किमतीची मेहनत फुकट केली. गोऱ्या रहिवाशांकडून ३६० डॉलर आले. रोझेनवाल्ड यांचे ३०० डॉलर.

म्हणजे दात्याने पूर्ण शाळा बांधून दिली नाही, आणि हीच या योजनेची अट होती. गावाने आपला वाटा उचलल्याशिवाय निधीतून पैसा सुटत नसे. वाटा रोख दिला तरी चाले, जमीन दिली तरी चाले, झाडे तोडून लाकूड दिले किंवा अंगमेहनत केली तरी चाले. दुसरी अट त्याहून महत्त्वाची होती. जमीन आणि इमारत सरकारी शिक्षणखात्याच्या नावे करून द्यायची, आणि सरकारनेही आपला वाटा घालायचा. शाळा बांधली गावाने, पण ती झाली सरकारी. मग शिक्षकाचा पगार आणि शाळा चालवण्याची जबाबदारी सरकारला झटकता येत नसे.

१९३२ साली योजना थांबली तेव्हाचा एकूण हिशेब असा होता. शाळा, शिक्षकांची घरे आणि कार्यशाळा मिळून ५,३५७ इमारती झाल्या होत्या. खर्च सुमारे २ कोटी ८४ लाख डॉलर. त्यातले ६४ टक्के सरकारी करांतून, १७ टक्के कृष्णवर्णीय लोकांकडून, १५ टक्के रोझेनवाल्ड निधीतून आणि ४ टक्के गोऱ्या देणगीदारांकडून. जरा थांबून हे आकडे पुन्हा वाचावेत. इमारतींना नाव लागले रोझेनवाल्ड यांचे, पण त्यांच्या निधीपेक्षा जास्त पैसा दिला तो खंडाने शेती करणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, कित्येकदा स्वतः निरक्षर असलेल्या लोकांनी. सुमारे ४७ लाख डॉलर.

हा पैसा आला कसा? शेतकऱ्यांनी कापसाचा एक तुकडा शाळेच्या नावाने राखून ठेवला. त्यावर जे पिकेल ते शाळेचे. बायकांनी जेवणाचे डबे करून त्यांचा लिलाव केला. अलाबामातल्या बोलिगी या गावच्या सभेतला एक प्रसंग तिथल्या शाळांसाठी फिरणाऱ्या एका अधिकाऱ्याने लिहून ठेवला आहे. गुलामगिरी भोगलेला एक म्हातारा उठला, खिशातून मळकट पिशवी काढली आणि आयुष्यभराची पुंजी टेबलावर ओतली. मोजली तेव्हा ती ३८ डॉलर भरली. नातवंडांच्या मुलांना तरी संधी मिळावी, एवढेच त्याचे मागणे होते. सदका-ए-जारिया म्हणजे काय, हे त्या म्हाताऱ्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

पण या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या लोकांनी कर आधीच भरलेला होता. त्या करातून त्यांच्या मुलांना शाळा मिळायलाच हवी होती. ती मिळाली नाही म्हणून त्यांनी पुन्हा खिशात हात घातला. एकाच शाळेसाठी दोनदा पैसे मोजणे हा अन्यायच होता. त्यांच्या त्यागाचे कौतुक करताना हा अन्याय झाकला जाऊ नये.

उजेडासाठी बांधलेली इमारत

आता खुद्द इमारतीकडे येऊ. सुरुवातीचे नकाशे टस्कीगीतच तयार झाले. ते करणाऱ्यांत रॉबर्ट आर. टेलर हे वास्तुविशारद होते. अमेरिकेतल्या प्रसिद्ध एमआयटी संस्थेतून १८९२ साली पदवी घेणारे ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी. १९१५ साली टस्कीगीने या नकाशांची पुस्तिकाही काढली.

पण काम भराभर वाढले, तशी देखरेख कमी पडू लागली. कुठे नकाशा बाजूला ठेवून बांधकाम झाले, कुठे लाकूड कच्चे वापरले गेले, कुठे खिडक्या चुकीच्या जागी बसल्या. फ्लेचर ड्रेसलर हे शाळांच्या आरोग्यशास्त्राचे जाणकार. त्यांनी इमारती पाहून कडक अहवाल दिला. त्यानंतर १९२० साली कारभार नॅशव्हिल शहरात हलवला गेला आणि सॅम्युअल एल. स्मिथ यांच्याकडे सोपवला गेला. स्मिथ यांनी नव्याने नकाशे करून ते मोफत वाटले. एकशिक्षकी, द्विशिक्षकी अशा लहान शाळांपासून मोठ्या शाळांपर्यंतचे नकाशे त्यात होते. चांगल्या हेतूने दिलेला पैसासुद्धा तपासणीशिवाय नीट लागत नाही, हा धडा त्यांनी वेळीच घेतला.

या नकाशांचा गाभा एकच होता, उजेड. खेड्यांत वीज नव्हती. तेव्हा सूर्यप्रकाशावरच वर्ग चालवायचा. त्यासाठी सुट्या सुट्या खिडक्या न ठेवता उंच खिडक्यांची सलग रांग एकाच भिंतीत बसवली. मुलांची बाके अशी मांडायची की उजेड डाव्या खांद्यावरून वहीवर पडेल. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या हाताची सावली मग अक्षरावर पडत नाही. आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणारे शिक्षक. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिली जाते, म्हणून उजेडाची बाजू बदलावी लागेल असे एखाद्याला वाटेल. तसे नाही. लिपी कुठूनही सुरू होवो, सावली हाताची पडते. म्हणून डावीकडचा उजेड दोन्ही लिपींना सारखाच उपयोगी.

प्रत्येक नकाशा दोन प्रकारे काढलेला असे. रस्ता आणि जागा कशीही असली तरी वर्गखोल्यांच्या खिडक्या पूर्वेला किंवा पश्चिमेलाच याव्यात, अशी ती सोय होती. प्रत्येक खोलीला दिवसातून एकदा तरी ऊन मिळे. आतल्या भिंतींत वर लहान झडपा ठेवत, त्यांतून वारा खेळे. खिडक्यांना फिकट रंगाचे गुंडाळता येणारे पडदे असत. छत आणि भिंतींचा वरचा भाग फिक्या रंगाचा, म्हणजे उजेड परतून खोलीत पसरतो. भिंतींचा खालचा भाग गडद, म्हणजे मुलांच्या हातांनी आणि बुटांनी मळला तरी दिसत नाही. ज्याने वर्गात दिवस काढले आहेत त्यालाच असला विचार सुचतो.

इमारत बहुतेक लाकडाची असे. विटांच्या बुटक्या खांबांवर ती उचललेली असे, म्हणजे जमिनीची ओल लाकडाला लागत नाही. शाळेला किमान दोन एकर जागा हवी, मुलांसाठी मैदान हवे, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे हवीत, असा आग्रह होता. ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे.

द्विशिक्षकी शाळेचा नकाशा साधा, पण हुशारीचा होता. शेजारी शेजारी दोन वर्गखोल्या, टोप्या-कोट ठेवायला छोट्या खोल्या आणि पुढच्या बाजूला एक कामाची खोली. आपल्या भाषेत कार्यानुभवाची खोली. तिथे शिवण, स्वयंपाक, सुतारकाम शिकवत. दोन वर्गांच्या मधली भिंत घडीच्या दारांची असे. दारे सरकवली की दोन खोल्यांचा एक दिवाणखाना होई. दिवसा मुले शिकत, संध्याकाळी तिथेच गावाची सभा भरे, शेतीवरची व्याख्याने होत, कार्यक्रम होत. शाळा बांधण्यासाठी ज्यांनी घाम गाळला होता त्यांना शाळेचे दार संध्याकाळी बंद मिळत नसे.

या योजनेत शिक्षकांसाठी २१७ घरेही बांधली गेली. शिक्षक गावात राहिला तर शाळा टिकते, हे त्यांना कळले होते. लांबच्या गावी नेमणूक झालेल्या शिक्षिकेला सुरक्षित घर मिळणे म्हणजे काय, हे आमच्या भगिनींना वेगळे सांगायला नको.

भिंतींनी काय घडवले

रोझेनवाल्ड शाळांत एका वेळी साडेसहा लाखांहून अधिक मुले बसू शकतील इतकी जागा तयार झाली होती. इमारतीने खरोखर फरक पडतो का, याचा अभ्यासही झाला आहे. शिकागोच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतले अर्थतज्ज्ञ डॅनियल अॅरॉनसन आणि भास्कर मजुमदार यांनी जुन्या जनगणनेच्या आणि सैन्यभरतीच्या नोंदी तपासून २०११ साली आपला शोधनिबंध प्रसिद्ध केला. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात दक्षिणेत काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शिक्षणातले अंतर झपाट्याने कमी झाले. खेड्यातल्या कृष्णवर्णीय मुलांच्या या प्रगतीत रोझेनवाल्ड शाळांचा वाटा मोठा होता, असे त्यांना आढळले. हजेरी वाढली, साक्षरता वाढली, शिक्षणाची वर्षे वाढली.

नावे घ्यायची तर दोनच पुरेत. नागरी हक्कांच्या लढ्यातले नेते आणि पुढे अमेरिकन संसदेचे सदस्य झालेले जॉन लुईस अलाबामातल्या अशाच छोट्या शाळेत शिकले. लेखिका माया अँजेलो आर्कान्सा राज्यातल्या स्टॅम्प्स गावच्या अशा शाळेत शिकल्या. वेगळेपणाची भिंत पाडणारी पिढी त्या वेगळ्या शाळांतूनच बाहेर पडली.

बंद झालेली दारे

१९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की शाळांत वर्णावरून वेगळेपण ठेवणे घटनाबाह्य आहे. न्याय मिळाला. पुढच्या वर्षांत मुले एकत्र शिकू लागली, आणि मग छोट्या रोझेनवाल्ड शाळा एकामागून एक बंद झाल्या. लढा जिंकला, पण ज्या इमारतींनी तो लढणारी माणसे घडवली त्या ओस पडल्या. काही विकल्या गेल्या, काहींत गवत साठवले गेले, काही पावसात कुजल्या, काही पाडल्या गेल्या. अनेक कृष्णवर्णीय शिक्षकांच्या नोकऱ्याही गेल्या.

२००२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वारसा न्यासाने देशातल्या सर्वाधिक धोक्यात असलेल्या ११ वारसास्थळांच्या यादीत रोझेनवाल्ड शाळांचा समावेश केला. तेव्हापासून शोध आणि नोंदणीला वेग आला. आज मूळ इमारतींपैकी जेमतेम १० ते १२ टक्के उरल्या आहेत, असा अंदाज आहे. त्या उरल्या त्या बहुतेक ठिकाणी माजी विद्यार्थ्यांमुळे. दक्षिण कॅरोलायना राज्यातल्या पोमारिया गावची होप शाळा १९२५-२६ साली बांधलेली, दोन शिक्षकांची. १९५४ साली ती बंद पडली. पुढे तिथे शिकलेल्यांनीच पुढाकार घेतला, इमारत दुरुस्त केली आणि गावाचे समाजकेंद्र म्हणून ती पुन्हा उघडली. आजीआजोबांनी लाकूड दिले, नातवंडांनी छप्पर दुरुस्त केले.

आपल्या गावची शाळा

अमेरिकेचा नकाशा उचलून आपल्याकडे आणायचा, असे आम्ही म्हणत नाही. आपल्याकडे पश्चिमेच्या खिडक्यांतून दुपारचे ऊन वर्ग भाजून काढील. आपल्या जुन्या शाळांनी त्यावर आपले उत्तर शोधले होते. जाड भिंती, उतरते कौलारू छप्पर, समोर लांब व्हरांडा, उंच दारे. कोकणात जांभ्या दगडाच्या, देशावर काळ्या दगडाच्या अशा शाळा अजून दिसतात. त्यांच्या व्हरांड्यात पावसाळ्यातही परिपाठ होतो. त्यांच्या जागी आलेल्या स्लॅबच्या खोल्यांत मे महिन्यात बसून पाहावे, म्हणजे फरक कळतो.

आपल्या समाजाच्या दृष्टीने आणखी एक मुद्दा आहे. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात दाखवून दिले की शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी सुमारे ३ टक्केच मुले मदरशांत जातात. म्हणजे आपली बहुतेक मुले तुमच्या-आमच्या साध्या शाळांत बसतात, खेड्यात तर जिल्हा परिषदेच्या शाळेत. तेव्हा त्या शाळेची इमारत हा आपल्या घरचा प्रश्न आहे. मशिदीच्या मिनाराला रंग देताना जो उत्साह आपल्यात असतो, त्याचा थोडा भाग शाळेच्या गळक्या छपराला मिळायला काय हरकत आहे?

आम्हाला काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. शाळेच्या इमारतीचा निर्लेखनाचा प्रस्ताव निघाला तर गावाने आधी विचारावे, हे बांधकाम खरोखर धोकादायक आहे का, की फक्त कौले आणि वासे बदलायचे आहेत? बांधकाम तपासणीचा अहवाल शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाचून घ्यावा. इमारत धोकादायक असेल तर मुलांचा जीव आधी, यात वाद नाही. पण पाडण्यापूर्वी तिची मापे आणि फोटो घ्यावेत. शाळेचे जुने जनरल रजिस्टर आणि शेरेबुक जपून ठेवावे. जमीन कोणी दिली, दगड कोणी वाहिले, हे गावातल्या बुजुर्गांना आताच विचारून लिहून घ्यावे. दिलेल्या जमिनीचे बक्षीसपत्र झाले आहे का, हेही पाहावे. नाहीतर दोन पिढ्यांनंतर शाळेच्या अंगणावरून कोर्टकचेरी सुरू होते.

नवी खोली बांधायची असेल तर एक तपासणी कोणालाही करता येईल. दिवे बंद करा, शेवटच्या बाकावर बसा आणि फळा वाचून पाहा. वाचता आला नाही तर खिडकी चुकली आहे. हे बांधकाम सुरू होण्याआधी नकाशावरच पाहिले तर खर्च एका पैशानेही वाढत नाही.

आणि चंदा देताना लोचापोकाचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा. तिथल्या लोकांनी स्वतःचा पैसा घातला, पण सरकारला मोकळे सोडले नाही. आपला वाटा टेबलावर ठेवून त्यांनी सरकारचा वाटाही तिथेच मागितला. आपणही शाळेला हातभार लावावा, जरूर लावावा. पण तो लावताना केंद्रप्रमुखांपासून जिल्हा परिषदेपर्यंत लेखी पाठपुरावा करावा. करातून जे मुलांच्या हक्काचे आहे ते खैरात म्हणून मागू नये, आणि आपण दिलेल्या चंद्याने ते माफही करू नये.